प्लासिदची गाडी मिठात उतरली

गॅरेजवाल्या बाझिलने देल्विनाची पिकअप लिफ्टवर चढवली, खाली उभं राहून चॅसीला स्क्रूड्रायव्हर टोचला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तशी तांबड्या भुग्याची धार जमिनीवर सांडली.

"देल्विना, ही गाडी नाही राहिली, बिस्किट झालंय," तो म्हणाला. "चहात बुडवून खा."

देल्विना हसली नाही. ऑक्टोबर संपत आला होता. शेतिकाँ गावामागच्या डोंगराने डोक्यावर पांढरं घेतलं होतं आणि पंधरवड्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर पत्रा खाणारं मीठ पडायला लागणार होतं. खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात ती स्वयंपाक करायची. समुद्राकाठच्या त्या रस्त्याला बस नव्हती, आणि काम सोडायचा तिचा विचारही नव्हता.

"दुसरी बघावी लागेल तुला," बाझिल म्हणाला.

"दुसरी आहे घरी."

बाझिल हात पुसत होता, तो थांबला. "प्लासिदची? हिरवी? अगं, हिवाळ्यात?"

"मग काय, हिवाळ्यात मी उडत जाऊ कामाला?"

हिरवी म्हणजे देल्विनाच्या नवऱ्याची लांब बोनेटची, दोन दारांची गाडी. प्लासिद मासेमारी करायचा. ऐन तारुण्यात त्याने ती एका डॉक्टरच्या बायकोकडून घेतली आणि तिला हिवाळा म्हणून दाखवला नाही. पहिलं दव गोठायच्या आत तो तिला धुवायचा, पुसायचा, कोठारात नेऊन लाकडी ठोकळ्यांवर चढवायचा. मे महिन्यात पावसाने रस्ते धुतले की मगच ती बाहेर यायची. चालवायचा फक्त तोच. देल्विना चाळीस वर्षं त्याच्या शेजारी, उजवीकडच्या सीटवर, बूट पुसून, पर्स मांडीवर धरून बसली. त्यांची मुलगी फेब्रुवारीत झाली. कळा सुरू झाल्या त्या सकाळीसुद्धा प्लासिद शेजाऱ्याचा ट्रक मागून घेऊन आला, पण हिरवीचं आवरण त्याने उचललं नाही. माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर तिचा जीवही होता. पण ती सकाळ देल्विना विसरली नव्हती.

प्लासिदला जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं.

बाझिलच्या गॅरेजात बोललेलं गावात पोहोचायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी शेतापलीकडून आर्सेन आला. हा प्लासिदचा धाकटा भाऊ, तोही मच्छीमार. दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"वहिनी, बाझिल सांगतो ते खरं?"

"बाझिल खूप काही सांगतो. त्यातलं कुठलं?"

"हिरवी मिठात घालतेयस म्हणे."

"मिठात नाही. रस्त्यावर."

"एकच झालं ते! अगं, दादाने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं."

"म्हणून तर ती कोठारात पडून राहिली. मला तसं जपलं असतं तर मीही तिथेच असते, अंगावर ताडपत्री घेऊन."

आर्सेनचे कान लाल झाले. "चेष्टा नको करू. एका हिवाळ्यात चाळण होईल तिची. मीठ काय असतं ते ठाऊक आहे ना?"

आता मात्र देल्विनाने हातातला बटाटा खाली ठेवला.

"हे बघ आर्सेन, मीठ तू मला शिकवू नकोस. मासळीच्या कारखान्यात मी सगळी उमर कॉड खारवला. कोरडं मीठ मेल्यासारखं पडून असतं. त्याला पाणी मिळालं की ते जागं होतं, आणि वर ऊब मिळाली की माजतं. त्याला कुठे ओल द्यायची, कुठे नाही, हे माझ्या हातांना कळतं. मासा टिकवायला मीठ लावलं, आता गाडी टिकवायला मीठ काढेन."

"मला दे ती," तो पटकन म्हणाला, आणि बोलल्यावर खाली बघायला लागला. बहुतेक हे त्याच्या मनात बऱ्याच दिवसांपासून होतं. "मी नीट ठेवतो."

"मला ठेवायची नाहीये रे. चालवायची आहे."

आर्सेन टोपी घालून निघून गेला. जाताना दार जरा जोरातच लागलं.

देल्विना कामाला लागली. गाडीतला गालिचा तिने काढून माळ्यावर टाकला आणि खाली उंच काठाच्या रबरी चटया अंथरल्या, बुटांचं खारट पाणी त्यांतच राहावं म्हणून. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत गेलेलं पाणी निघून जायला. ती जुन्या धुळीने बुजली होती. तारेने तिने एकेक उघडलं. कारखान्यातल्या टाकून दिलेल्या रबरी पट्ट्याचे तुकडे कापून चारही चाकांमागे चिखलाचे पडदे लावले. जिथे म्हणून दगड लागून रंग उडाला होता, तिथे बारीक ब्रशाने रंग भरला.

मग ती गाडी बाझिलकडे घेऊन गेली. पुरं कोरडं असताना, पहिल्या मिठाच्या आधी, गाडीच्या पोटाला दाट तेल मारायचं होतं. बाझिलने फवारा हातात घेतला खरा, पण मारेना.

"प्लासिद मला स्वप्नात येऊन बडवेल गं."

"मी जागेपणी बडवीन. कोणतं चालेल?"

त्याने पोट मारलं, चाकांच्या कमानी मारल्या, दारांच्या पोकळीत, दारांखालच्या उंबऱ्यांच्या आत, ब्रेकच्या नळ्यांवर, सगळीकडे तेल पोहोचवलं. देल्विना त्याच्या मागे दिवा धरून फिरत होती आणि राहिलेली जागा दाखवत होती. तिथून ती सरळ डोंगराकडच्या कच्च्या रस्त्याला गेली आणि मुद्दाम धुळीतून गाडी पळवली. ओल्या तेलावर धूळ बसली की त्याची साल धरते, हे तिथलं जुनं शहाणपण. प्लासिदच्या गाडीवर धुळीचा एवढा थर गावाने कधी पाहिला नव्हता. आणि त्या धुळीत, खिडकी उघडी टाकून, देल्विना मोठमोठ्याने गात होती.

पहिलं बर्फ पडलं, मीठ पडलं, आणि हिरवी रोज रस्त्यावर दिसू लागली. लोकांनी गोष्ट मीठमिरची लावून सांगितली. चर्चबाहेर बायका तिच्याकडे अशा बघायच्या, जणू तिने नवऱ्याचं थडगं उकरलं होतं. एकदा सहकारी दुकानातून ती बाहेर आली तर मिठाने पांढऱ्या पडलेल्या दारावर कोणी तरी बोटाने लिहून गेलं होतं: 'बिचारा प्लासिद.' तिने ते पुसलं नाही. खाली स्वतःच्या बोटाने लिहिलं, 'बसायचंय का?' आणि तशीच सगळ्या गावातून गाडी नेली.

गाडी ती रात्री उबेत ठेवत नसे. कोठार थंड, दोन्ही बाजूंची दारं किलकिली. पारा जरा शून्याच्या वर चढला की ती अंगणात बागेला पाणी द्यायचा फिरता फवारा मांडायची आणि गाडी त्याच्यावर मागेपुढे करायची. खालून पाणी उडायचं, कमानींतला करडा चिखल ढेकळांनी पडायचा. मग दारं उघडी टाकून वाऱ्यात वाळवायची. शेतापलीकडे आर्सेनच्या खिडकीचा पडदा हलायचा. ती तिकडे बघून हात करायची. पडदा पडायचा.

फेब्रुवारीत मात्र तिला तापाने गाठलं. त्यातच डोंगरावरून सुएत वारा सुटला. तो सुटला की छपरं बांधून ठेवावी लागतात. गाडी शेवटच्या फेरीतला चिखल घेऊन तशीच उभी राहिली. मध्ये दोन दिवस बर्फ वितळलं, ऊब आली, आणि देल्विना पांघरुणात पडून खिडकीतून ठिबकणारी वळचण बघत राहिली. तिला कळत होतं कोठारात काय चाललंय ते.

उठता आलं त्या दिवशी ती अंगावर कोट ओढून कोठारात गेली. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आला होता, घेवड्याच्या दाण्याएवढा. नखाने टोकरलं. खाली तांबडं.

ती तिथेच उपड्या बादलीवर बसली. 'एका हिवाळ्यात चाळण होईल' हे शब्द आठवले. प्लासिदचा चेहरा आठवला. तो ओरडला नसता. त्याने नुसतं त्या डागाकडे पाहिलं असतं, मग तिच्याकडे, आणि आठवडाभर गप्प राहिला असता. तिचे डोळे भरून आले आणि मग तिला भयंकर राग आला. कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने सँडपेपर घेतला आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. गंज गेला, धातू दिसला. स्टोव्ह पेटवून तिने ती जागा कोरडी केली, गंजरोधक अस्तर लावलं, ते वाळल्यावर हिरवा रंग लावला. रंग जुन्याशी जुळला नाही. ठिगळ दिसत होतं. दिसू दे, ती म्हणाली.

मार्चमध्ये मी-कारेम आला. उपासाच्या चाळीस दिवसांच्या मध्यावर शेतिकाँची माणसं सोंगं घेऊन घरोघर जातात. तोंड झाकलेलं, श्वास आत ओढत बोलून आवाज बदललेला. घरच्यांनी ओळखलं तर मुखवटा काढायचा, नाही तर खाऊन-पिऊन पुढे जायचं. त्या दुपारी देल्विनाच्या स्वयंपाकघरात चार सोंगं शिरली. एक नवरी, एक अस्वल, एक पाद्री. चौथ्याने पिवळा मेणकापडी कोट, मच्छीमारी टोपी आणि तोंडावर उशीचा अभ्रा घातला होता. खांदे पाडून, एक पाय ओढत तो हुबेहूब प्लासिदसारखा चालला. कुणी काही सांगायची गरजच नव्हती.

"माझी गाडी कुठाय?" त्याने श्वास आत ओढत, चिरक्या आवाजात विचारलं. "चाळीस वर्षं जपली! माझी गाडी खारवली कुणी?"

अस्वल हसलं. नवरी हसता हसता थांबली आणि देल्विनाकडे बघू लागली. देल्विना त्या सोंगाची चाल बघत होती. ती चाल एकाच घरात शिकता आली असती. तिने ओळखलं, पण नाव घेतलं नाही.

"आलास होय, प्लासिद!" ती म्हणाली. "बरं झालं. चल, तुझी गाडी दाखवते." तिने खुंटीवरची किल्ली काढली. "तुम्ही तिघं बसा. पातेल्यात फ्रिको आहे, त्या रश्शातले कोंबडीचे तुकडे संपवा."

"अं... नको, नको," सोंग म्हणालं.

"नको कसं? चाळीस वर्षं मी उजवीकडे बसले. आज तू बस. आणि बूट पूस आधी."

तिने त्याला बाहेर नेऊन बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली. बर्फ, मीठ आणि पाणी यांचा करडा रबडा रस्ताभर पसरला होता. त्यातलं एकही डबकं देल्विनाने चुकवलं नाही. चर्चवरून, बंदरावरून, सहकारी दुकानावरून गाडी गेली. दोन्ही बाजूंना पाणी छपरापर्यंत उडत होतं. सोंग डॅशबोर्ड धरून बसलं होतं.

"हळू! वहिनी, हळू! अगं, कमानीत जातंय सगळं!"

श्वास आत ओढायचा राहून गेला होता.

"मेलेला माणूस बायकोला वहिनी म्हणतो?" देल्विना म्हणाली.

आर्सेनने अभ्रा काढला. केस विस्कटले होते, चेहरा घामाने ओला.

"मला वाटलं लोक हसतील," तो म्हणाला. "हसले पण नाहीत फारसे."

"तू चाललास चांगला. मला क्षणभर वाटलं तोच आला."

"कोट त्याचाच आहे. बोटीवर राहिला होता."

तिने गाडी अंगणात आणली आणि कोठारातला दिवा आणून त्याच्यापुढे केला. "मेणकापड घातलंयस ना? मग गाडीखाली शीर. बघून घे काय चाळण झालीय ती."

आर्सेन बर्फात पाठीवर झोपून आत सरकला. फक्त बूट बाहेर राहिले. दिवा इकडून तिकडे फिरला. ठकठक आवाज आले, बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवल्याचे. उंबरा वाजवला, गाडीचा तळ वाजवला.

"तेल आहे अजून," आतून आवाज आला. "सगळीकडे."

"बाहेर ये आता. एक गोष्ट तुला सापडली नाही, ती मी दाखवते." तिने मागच्या कमानीवरचं ठिगळ दाखवलं. "हा गंज माझा. मी आजारी पडले त्यात आला. घासून काढला. पुढल्या वर्षी दुसरीकडे येईल, तोही काढेन. जा, सांग गावात."

आर्सेनने ठिगळावरून अंगठा फिरवला. "दादा असता तर..."

"दादा असता तर मी त्या गंजक्या पिकअपवर पत्रे ठोकत बसले असते. तो नाहीये, आर्सेन. मला त्याची आठवण येते, तुझ्याइतकीच. पण मी त्याच्या गाडीची राखणदार म्हणून मागे राहिलेली नाही."

आत जाऊन दोघांनी उरलेला फ्रिको खाल्ला. अस्वलाने कोंबडी बरीचशी संपवली होती.

एप्रिलमध्ये वार्षिक तपासणीला बाझिलने गाडी लिफ्टवर घेतली, तेव्हा आर्सेन आधीच गॅरेजात येऊन उभा होता. बाझिलने तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळीकडे टोचून पाहिलं. एक ब्रेकची नळी बदलावी लागली, ती जुनीच होती. काचेवर तपासणी पास झाल्याचं नवं स्टिकर लागलं. आर्सेन नुसता म्हणाला, "डाव्या उंबऱ्यात तेल कमी पडलंय, बाझिल. या वेळी नीट मार." बाझिलने देल्विनाकडे पाहून डोळे मोठे केले.

पुढल्या नोव्हेंबरात, पहिल्याच बर्फाच्या सकाळी, समुद्राकाठच्या रस्त्यावर तिच्यापुढे मीठ टाकणारा ट्रक लागला. मागच्या चक्रातून खडे उडत होते आणि बोनेटवर ताडताड वाजत होते. शहाणा माणूस अशा वेळी मागे अंतर ठेवून राहतो. तीही वळणं संपेपर्यंत राहिली. मग सरळ रस्ता आला, समोर कुणी नव्हतं, ट्रकच्या पुढे अजून मिठाचा एक कण पडला नव्हता. देल्विनाने गिअर टाकला, लांबलचक हॉर्न वाजवला आणि ट्रकला मागे टाकून ती कोऱ्या पांढऱ्या रस्त्यावर पुढे गेली. वृद्धाश्रमात न्याहारीची वेळ झाली होती.