आहेरातून सुटलेला शर्ट

मी शर्ट बोलतोय. दारामागच्या खुंटीवर लटकलोय, बाह्यांतून अजून थोडं पाणी ठिबकतंय. मला शर्ट होऊन जेमतेम दोन महिने झालेत. त्याआधी अकरा वर्षं मी नुसतं कापड होतो, तेही आहेरातलं.

आहेरातलं कापड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्याही ट्रंकेत एखादं असेल. लग्नात ते पाहुण्याला द्यायचं, पाहुण्यानं "कशाला एवढं" म्हणत घ्यायचं, आणि घरी जाऊन पुढच्या लग्नासाठी ठेवून द्यायचं. शिवत कुणीच नाही. मी पिशवीत घडी घालून, आत पुठ्ठा आणि कडेला टाचण्या लावून अकरा वर्षं काढली. तक्रार करत नाही. नुसतं सांगतो.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते विठाबाईंनी, परंड्याकडच्या वाशीच्या बाजारात. दुकानात माझ्या शेजारची सगळी कापडं चकचकीत टेरिकॉटची होती. मी सुती, रंगानं ताकासारखा. विठाबाईंना मी आवडलो. त्यांच्या नवऱ्याला, बब्रुवानांना, नाही आवडलो. त्यांनी पिशवीवरूनच दोन बोटांनी मला चाचपलं आणि "सुती हाय, चुरगळतंय," म्हणून बाजूला सारलं. मग माझी रवानगी आहेरात झाली.

देण्याआधी विठाबाईंनी पिशवी उघडून माझ्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याची बारीक गाठ मारली. ही त्यांची कायमची रीत. दिलेलं कापड फिरत फिरत आपल्याच घरी आलं तर ओळखू यावं, म्हणून. कारण ज्यानं दिलं त्यालाच कापड परत गेलं, तर त्यासारखी नाचक्की नाही. तोंडावर कुणी बोलत नाही, पण पुढच्या तीन लग्नांत त्या घरच्या आहेराकडं सगळे डोळे बारीक करून बघतात.

मी नऊ लग्नं, दोन जावळं आणि एक वास्तुशांत पाहिली. पाहिली म्हणजे पिशवीतून. माझ्या प्लॅस्टिकवर कुंकू सांडलं, अक्षता चिकटल्या, एकदा आमटीचा थेंबही पडला. प्रत्येक घरात तेच व्हायचं: माणूस दोन बोटांनी चाचपायचा, मी सुती आहे हे त्याला कळायचं, आणि मी ट्रंकेत जायचो. माणसं भर उन्हात घामानं निथळत टेरिकॉट घालतात आणि सुती कापड पाहुण्याला देऊन टाकतात, हे मला फार लवकर समजलं. त्याचं कारण मात्र अजून समजलेलं नाही.

शेवटी जळकोटच्या एका वास्तुशांतीतून मी हरणाबाईंच्या ट्रंकेत आलो. हरणाबाईंची वस्ती सोनारीच्या अलीकडं, धरणाच्या काठाला. घरात चौघं. हरणाबाई, त्यांचे मालक हरिबा, मुलगा प्रेम आणि सून दीपाली. हरिबांचा जन्म शेळ्यामेंढ्यांमागं गेला. जी काय थोडी जमीन होती ती धरणात बुडाली, आणि बुडालेल्या जमिनीपायी प्रेमला मच्छीमार सोसायटीत जागा, म्हणजे धरणात मासे धरायचा हक्क, मिळाली. त्या जागेवरच घर चालतं.

हरणाबाईंनी मला आत टाकतानाच माझं पुढचं ठरवून टाकलं. दीपालीच्या धाकट्या बहिणीचं, सोनालीचं, लग्न वैशाखात होतं. त्यात व्याह्यांच्या पोशाखात मी जाणार होतो. व्याही कोण, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

पाडव्याच्या आठ दिवस आधी प्रेमची मोटारसायकल खडीवर घसरली आणि त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी दोन-अडीच महिने वल्ह्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. सोसायटीचा नियम सरळ होता. पंधरा दिवस होडी पाण्यावर दिसली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाची. यादी लांब होती. हरिबांचे गुडघे होडीत चढा-उतरायला मुडपत नव्हते. राहता राहिली दीपाली.

तिला वल्हं मारता येत होतं. प्रेमची होडी म्हणजे एका बंद पडलेल्या बोटक्लबातून आणलेली कयाक, एकट्या माणसानं पाय पसरून बसायची, अरुंद आणि पिवळीधमक. वस्तीवर तिला केळं म्हणतात. लग्नानंतर गंमत म्हणून प्रेमनं बायकोला त्यात बसवून काठाकाठानं फिरायला शिकवलं होतं. ती गंमत आता कामाला आली.

प्रश्न उरला कपड्यांचा. त्यावर घरात तीन मतं होती. बाईमाणूस चारचौघांत साडीतच जाईल, हे हरणाबाईंचं. प्रेमनं दुकानदाराच्या सांगण्यावरून स्वतःसाठी एक काळा, अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट आणला होता. त्यात हवा खेळते असं दुकानदार म्हणाला होता, तेव्हा तो साडीवर घालावा हे प्रेमचं. हरिबांना कुणी विचारलं नाही. म्हणून दीपाली काळा टीशर्ट, खाली साडी, डोक्याला पुढं झाप असलेली टोपी आणि पायात रबरी चप्पल अशी निघाली. लाइफ जॅकेट होतं, पण ते घातलं की जीव उकडायचा. शिवाय उन्हानं होडीतली बसायची जागा तव्यासारखी तापायची. म्हणून तिनं ते घडी करून बुडाखाली घेतलं.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो, कारण तेव्हा मी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी होतो.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला ती गळ टाकून बसली होती. ऊन वरूनही येत होतं आणि पाण्यावरून उलटूनही. टोपीनं कपाळ झाकलं, पण कान आणि मान भाजत होती. काळ्या कापडानं ऊन पिऊन घेतलं होतं. तिला आधी मळमळलं, मग घाम यायचा थांबला, मग डोळ्यांपुढं अंधारी आली. वाऱ्याची एक झुळूक बाजूनं आली आणि केळं उलटलं. ज्याच्यावर ती बसली होती ते जॅकेट तिच्याआधी तरंगत लांब गेलं. साडी पायांना गुंडाळली.

काठावर हरिबा शेळ्या चारत होते. त्यांनी ओरडून एकच गोष्ट सांगितली.

"दीपाली, उभी राहा. पायाखाली आपला बांध हाय."

उन्हाळ्यानं पाणी ओसरलं होतं. ती उभी राहिली तर पाणी छातीपर्यंत आलं. ज्या शेताचा तो बांध, ते शेत तिनं कधी पाहिलं नव्हतं. हरिबा दुखऱ्या गुडघ्यांनी आत चालत गेले आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आले. केळं आणि जॅकेट नंतर वाऱ्यानंच काठाला लागलं.

घरी हरणाबाईंनी कांदा ठेचून तिच्या तळपायांना चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, आणि आता पुन्हा जायचं नाही म्हणून बजावलं. प्रेम भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. होडी काठाला पडली की पंधरा दिवसांची मोजणी सुरू होणार होती. ते पंधरा गेले की बांधही गेला आणि त्यावरचं पाणीही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हरिबा बोलले. चाळीस वर्षं मेंढरांमागं उन्हात काढलेला माणूस तो, पण उन्हाबद्दल त्याला घरात पहिल्यांदाच बोलायला मिळत होतं.

"उन्हाला अंग दावायचं न्हाय. अन् अंगाला चिकटंल असंबी घालायचं न्हाय. ढगळ पायजे, सुती पायजे, बाह्या मनगटापतूर. काळं तर बिलकुल न्हाय."

मग ते सावकाश एकेक सांगत गेले. टोपीवरून ओलं उपरणं बांधायचं, ते मानेवर आणि कानांवर आलं पाहिजे. पायात मागून पट्टा असलेली सँडल. होडीत बसायला ओलं गोणपाट, आणि जॅकेट अंगात, उकडलं तरी अंगात. पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती होडीला बांधायची. दहाच्या आत काठाला लागायचं. साडीचं नाव त्यांनी घेतलं नाही. हरणाबाईच आपणहून म्हणाल्या की सलवार घालू दे, कालचं मी बघितलंय.

सुती कापड मात्र घरात माझ्याखेरीज नव्हतं. हरणाबाईंच्या मनात मी आलो असणार, कारण त्या ट्रंकेजवळ जाऊन थबकल्या. व्याह्यांचा पोशाख मोडायला त्यांचं मन होईना. तरी त्यांनी मला बाहेर काढलं आणि दीपालीला दाखवलं. हे तुझ्या वडलांसाठी ठेवलंय, दुसरं काही मिळतंय का बघू, असं म्हणाल्या. दीपालीनं पिशवी हातात घेतली, उलटी केली आणि कोपऱ्याकडं बघत राहिली.

"आत्याबाई, ही गाठ माझ्या आईची हाय."

हरणाबाईंनी वाकून गाठ बघितली. "मंजी हे म्या तुज्या बापालाच परत देणार होते?"

"व्हय."

अकरा वर्षांनी मी बब्रुवानांच्याच हातात, त्यांच्याच मुलीच्या सासरहून, भर मांडवात जाणार होतो. मला त्याचं काही वाटलं नसतं. पण हरणाबाईंचा चेहरा बघून मला कळलं की माणसांना किती वाटतं. दीपाली हसली नाही. तिला हसता आलं असतं, माहेरी जाऊन सांगताही आलं असतं. तिनं नुसती टाचणी काढली, मग दुसरी, आणि मला उलगडलं. त्या क्षणी मला अकरा वर्षांत पहिल्यांदा वारा लागला. मला आनंद झाला, हे उगाच लपवत नाही.

शिंपी महांतप्पा परंड्याचे. कापड पुरुषाचं आणि माप बाईचं बघून त्यांनी पुन्हा विचारलं, शर्ट नेमका कुणाचा. बरोबर आलेल्या हरिबांनी सुनेकडं बोट दाखवलं. महांतप्पांनी तिच्या खांद्यांचं माप घेतलं, बगला सैल ठेवल्या, कॉलर उंच केली, छातीला झाकणाचा खिसा लावला. लाल गाठ त्यांना दिसली. काढू का म्हणाले. दीपालीनं राहू द्या म्हटलं. ती आता आतल्या बाजूनं, खालच्या दुमडीपाशी आहे.

मग मी पाण्यावर गेलो. निघताना दीपाली मला धरणात बुचकळून, पिळून अंगात घालायची आणि वरून जॅकेटचे पट्टे आवळायची. वारा बाह्यांतून शिरायचा आणि मी वाळेपर्यंत तिचे हात थंड असायचे. वाळलो की पुन्हा भिजवायची. मी चुरगळायचो. पाण्यावर कुणी बघत नाही. जॅकेटखाली पाठ उकडायची, ती उकडायचीच, त्याला माझा इलाज नव्हता. पहिल्या आठवड्यात दोन चिलापी आणि एक मरळ, एवढेच मासे मिळाले. सोसायटीचे सचिव गुरुलिंग काठावर येऊन बघून गेले आणि वहीत होडी पाण्यात असल्याचं लिहिलं. होडीत कोण होतं, ते लिहायला त्यांच्या वहीत जागाच नव्हती.

पहिल्या दिवसापासून हरणाबाई एक काम न चुकता करायच्या. मी खुंटीवर असतानाच माझ्या खिशात एक कांदा टाकायच्या, ऊन बाधू नये म्हणून. त्याचा उपयोग होतो की नाही मला ठाऊक नाही. वास मात्र धुतला तरी जात नाही.

सोनालीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन विठाबाई स्वतः आल्या, तेव्हा मी दोरीवर वाळत होतो, आतली बाजू बाहेर. हरणाबाई चहा करता करता दोनदा बाहेर डोकावल्या. विठाबाईंनी मला उलटंपालटं केलं, गाठीवरून अंगठा फिरवला, मग लेकीचे हात हातात घेऊन मनगटं बघितली. ती भाजलेली नव्हती.

"चांगलं शिवलंय," त्या म्हणाल्या. "चुरगळतंय तेवढं."

बब्रुवानांना लग्नात दुसरं कापड गेलं. टेरिकॉटचं. ते खूश झाले असं ऐकलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी प्रेमचा हात मोकळा केला. पाऊस अजून लांब होता आणि ऊन तसंच होतं. आज पहाटे तो लवकर उठला. दीपाली चुलीपाशी होती. तो दारामागं आला आणि त्यानं मला खुंटीवरून काढलं. त्याचंही चुकलं म्हणता येणार नाही. होडी त्याची, जागा त्याच्या नावची, आणि शर्ट पुरुषाचा. एवढे दिवस गेले म्हणजे आता जुनं सगळं जागच्या जागी बसणार, असं त्याला वाटलं असेल. दीपालीनं बघितलं आणि परत भाकरी थापायला लागली. पण तिचा हात सावकाश झाला होता, हे मला दिसलं.

प्रेमनं एक हात बाहीत घातला, मग दुसरा. खांद्यावर मी अडकलो. त्यानं ओढलं, बटण काजापर्यंत पोचेना. ओढताना खिशाचं झाकण उघडलं आणि कांदा घरंगळत हरणाबाईंच्या पायाशी गेला. त्यांनी तो उजाडायच्या आधीच टाकून ठेवला होता.

प्रेमनं कांद्याकडं बघितलं. "ह्यो कुणासाठी?"

हरणाबाईंनी कांदा उचलला, पदराला पुसला.

"जिचा शर्ट हाय तिच्यासाठी."

प्रेम अजून अर्धा माझ्यात आणि अर्धा बाहेर होता. मग त्यानं मला काढलं, झटकलं आणि दीपालीच्या हातात दिलं. हरणाबाईंनी कांदा परत खिशात टाकला. ती गेल्यावर तो ओसरीवर फाटकं जाळं घेऊन बसला. गुरुलिंगांना गाठून वहीत दुसरं नाव कसं घालायचं ते विचारून येतो, असं जाळं शिवता शिवता म्हणाला.

आता दुपार झालीय. ती दहाच्या आत परतली, मला खळबळून खुंटीला लावलं. कांदा अजून खिशातच आहे. माझी कॉलर विरायला लागलीय, कोपरांचा रंग उडालाय. अजून दोन उन्हाळे काढीन, फार तर तीन. मग माझं होडी पुसायचं फडकं होईल, आणि त्यालाही माझी ना नाही. ट्रंकेत मी शंभर वर्षं नवा राहिलो असतो.

तुमच्या ट्रंकेतही असेल कुणीतरी, टाचण्या टोचून घेत पडलेलं. त्याला पुढच्या लग्नात देऊ नका. घरात उन्हात कोण जातं ते बघा, आणि त्याचं माप घ्या.