माझ्याशिवायच्या सहा

मी एक बटण बोलतंय. तपकिरी आणि तीन भोकांचं. चौथं पाडायच्या वेळी कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली. शिंप्याने मला सदऱ्याला लावून पाहिलं आणि "हे कुठलं ध्यान!" म्हणत डब्यात टाकलं. तिथे मी कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

मग गणिताच्या बाईंनी मला चार पांढऱ्या बटणांबरोबर उचललं. पाचांतून दोन बटणं किती तऱ्हांनी निवडता येतात, हे त्या सूत्राशिवाय शिकवत. "हे तपकिरी घेतलं, तर जोडीला उरलेल्या चारांतलं एक. झाल्या चार तऱ्हा. नाही घेतलं, तर त्या चारांतलीच दोन. त्या सहा. एकूण दहा." म्हणजे सगळ्या निवडींचे भाग दोनच, मी असलेल्या आणि मी नसलेल्या! मला शिंगं फुटली नसती तरच नवल.

बाईंची नोकरी कायम व्हायची होती, म्हणून मुख्याध्यापक वर्ग बघायला आले.

"हेच बटण का? सेवाज्येष्ठता यादी कुठे आहे?"

"कुठलंही चालतं, सर. समजा, आपल्या पाच शिक्षकांतून दोघांची समिती नेमायची आहे. तपकिरी बटण म्हणजे तुम्ही."

सर खुलले. "माझ्यासह चार समित्या. बरोबर."

"आणि तुमच्याशिवाय सहा."

"माझ्याशिवाय समिती होतच नाही! उत्तर चार." त्यांनी शेरा लिहायला पेन काढलं, 'बाईंना मोजता येत नाही.' बाईंचा चेहरा उतरला. मला रडू आलं, तीन भोकांतून येतं तेवढं.

दाराशी शिपाईमामा खाकरले. "सर, तुम्ही आजारी होतात ना, तेव्हा बाकी चौघांत सहा समित्या झाल्या. चहा मीच दिला. दर वेळी जोडी वेगळी."

"आणि कामं?"

"झाली की. वेळेत."

सरांनी शेरा न लिहिताच कागद पुढे ओढला. मग नोकरी कायम केल्याची सही केली. पण वड्याचं तेल वांग्यावर निघालंच. त्यांनी मला जप्त केलं.

आता मी त्यांच्या टेबलाच्या खणात असतं. वर्ग भिंतीपलीकडेच. परवा बाईंनी उरलेल्या चारांतल्या एका पांढऱ्याला पुढे केलं. "हे घेतलं तर तीन, नाही घेतलं तर तीन." मुलं ओरडली, "सहा!" मला फार वाईट वाटलं. त्या सहा माझ्याशिवायच्याच होत्या.

सरांनीही ते ऐकलं. खण उघडून हळूच विचारलं, "तुझ्याशिवायही जमलं का रे?"

जमलं, सर. उत्तर बरोबर आलं.