दाराशी ठेवलेला वरवंटा

शांतप्पाची बायको करुणा वारली आणि तिच्या मागं त्याला अंकिता तेवढी उरली, पोटची नसली तरी. अंकिता वयानं पंचविशीची, पण मन सात-आठ वर्षांच्या पोरीचं. सोलापुरातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या आश्रमात ती लहानपणापासून होती. शांतप्पा तिथला स्वयंपाकी; करुणाही त्याच्याबरोबर तिथंच राबायची. दुपारी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून शेंगा सोलायची आणि दाण्यांची पहिली मूठ त्याच्या हातावर ठेवायची. "आप्पा, खा."

मग उपासनेची गाणी बसवायला उदयसिंह येऊ लागला. तरणाबांड, पेटी वाजवणारा. प्रार्थना अशी करायचा की बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. बघता बघता अंकिता त्याच्यामागं फिरू लागली. एक दिवस दाण्यांची पहिली मूठ तिनं नेऊन त्याच्या पेटीवर ठेवली.

शांतप्पा आमटीचं पातेलं घेऊन उभा होता, तो उभाच राहिला.

"आप्पा, आमटी करपली का?" उदयसिंह म्हणाला. "जळाल्याचा वास येतोय."

सगळे हसले. अंकिताही हसली. बाकीच्यांचं हसणं शांतप्पा विसरला, तिचं विसरेना. भाकरी थापताना, भांडी घासताना त्याला ते मूठभर दाणेच दिसायचे. अशी मधेच निघून गेल्याबद्दल त्याला करुणाचाही राग यायचा.

करुणाची एक शिस्त होती. भेटीच्या खोलीत मोठं माणूस एखाद्या मुलाशी किंवा अंकितासारख्या कुणाशी एकटं बसलं, की ती आपला वरवंटा आणून दाराला लावायची, दार मिटू नये म्हणून. पाहुणा असो की चर्चचा पाळक. "वारा खेळता राहू दे की," एवढंच म्हणायची. पुढं संस्थेनं तोच नियम केला. ती गेल्यावर चटणी मिक्सरवर होऊ लागली आणि वरवंटा त्या दाराशीच राहिला.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर शांतप्पा ताटं घेऊन व्हरांड्यातून चालला होता. भेटीच्या खोलीचं दार बंद होतं. आतून उदयसिंहाचा आवाज आला, "डोळे मिट. प्रार्थना करू या."

शांतप्पाचे पाय थांबले. प्रार्थना चालली असली की दार वाजवायचं नाही, हे त्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यानं सवयीनं ताटं खाली ठेवली, टोपी काढली, मान खाली घातली.

मान खाली घातली म्हणूनच त्याला वरवंटा दिसला. कोणीतरी पायानं ढकलल्यासारखा भिंतीकडेला पडला होता.

आमेन काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते असं: "हे कुणाला सांगायचं नाही हं. आप्पाला तर मुळीच नाही."

त्यानं दार ढकललं. अंकिता डोळे घट्ट मिटून बसली होती. उदयसिंहाची खुर्ची तिला खेटलेली, तिचा हात त्याच्या हातात, आणि तिच्या मनगटात नव्या बांगड्या.

"प्रार्थना चालली होती, आप्पा," उदयसिंह शांतपणे म्हणाला.

दार सताड उघडं ठेवून शांतप्पा ताटं उचलून स्वयंपाकघरात आला. बांगड्याच तर आहेत. आपल्या पोटात दुखतंय म्हणून आपल्याला वाईटच दिसतं. सांगितलं आणि काही निघालं नाही, तर अंकिता पुन्हा जवळ येणार नाही. आणि नाही सांगितलं तर? पुढचा विचार त्याच्यानं करवेना. हात पुसून तो आश्रमाच्या प्रमुख सुवार्ताबाईंकडे गेला.

बाईंनी ऐकून घेतलं. "आप्पा, तुमचं त्याच्याशी पटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

"व्हय बाई. जळतो मी त्याच्यावर. लई जळतो. पण दार काय मी लावलं न्हाय."

"तो प्रार्थना करत होता ना?"

"पाळकसायबांच्या प्रार्थनेला बी करुणा वरवंटा लावायची."

बाईंनी वही उघडली. मग म्हणाल्या, "काय पाहिलं, काय ऐकलं, तेवढंच सांगा. काय वाटलं ते नको."

त्यानं सांगितलं. दाण्यांचं सोडून सगळं.

चौकशी होईपर्यंत उदयसिंहानं आश्रमात पाऊल ठेवायचं नाही, असं त्याच दिवशी ठरलं. अंकिताशी दोन बायका बसून बोलल्या. तिला काही विचारायचं नाही, समजवायचं नाही, अशी शांतप्पाला ताकीद होती. पुढं बाईंनी त्याला एवढंच सांगितलं, की पुढच्या रविवारी उदयसिंह अंकिताला गुपचूप लॉजवर नेणार होता. पोलिसांत कळवलंय.

शांतप्पाला बरं वाटायला हवं होतं. पण अंकिता जेवण टाकून रडत होती, आणि रडत होती ती त्या माणसासाठी.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ती शेंगांची पाटी घेऊन उंबऱ्यात येऊन बसली. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. शांतप्पा उठला, व्हरांड्यातून वरवंटा आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावला.

"दादा कधी येणार?" तिनं विचारलं.

"न्हाय येणार."

"तूच सांगितलंस बाईंना."

"व्हय. मीच."

ती शेंगा सोलू लागली. पहिली मूठ भरली, तशी शांतप्पानं नकळत हात पुसला. तिनं ते दाणे आपल्याच तोंडात टाकले. तिनं अजून त्या माणसाची वाट बघावी, याचा त्याला हेवा वाटलाच.

वाऱ्यानं टरफलं व्हरांड्यात उडाली. अंकिता ती वेचायला उठली. ती आता परत येणार नाही असं वाटून शांतप्पानं मान वर केली नाही. वेचून झाल्यावर ती परत आली आणि तिथंच, उंबऱ्यात बसली.