घरचं काम

"ही इस्त्री आपली नाही," असं म्हणत बाबांनी ती भंगाराच्या पोत्यातून पुन्हा बाहेर काढली. सकाळपासून लेकीने जे जे पोत्यात घातलं होतं, ते ते असंच सन्मानाने बाहेर आलं होतं. मिक्सरचं भांडं शिंप्याचं, रेडिओ पोस्टातल्या बाईंचा, हीटर खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचा. मास्तर जाऊन किती वर्षं झाली, याची तिने आठवण करून दिली.

"मास्तर गेले. हीटर थोडाच गेलाय?"

"गेला होता म्हणूनच तर तुमच्याकडे आणून टाकला ना त्यांनी?"

यावर बाबांनी हीटरला फडकं मारलं.

बाबा कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करत. निवृत्त झाले आणि अख्ख्या गल्लीतल्या बिघडलेल्या वस्तू घरी येऊ लागल्या. लोक वस्तू आणून ठेवत, वाट पाहत, मग नवी घेत आणि जुनी विसरून जात. बाबा विसरत नसत. आईने या पसाऱ्यातून अंग चोरत संसार केला आणि उन्हाळा संपता संपता तीही गेली. आता बाबा लेकीकडे राहायला जाणार होते. घर संध्याकाळी मालकाच्या ताब्यात द्यायचं होतं, टेम्पो सांगून ठेवला होता, लेकीची रजा आजच्यापुरतीच होती. आणि बाबांनी जाहीर केलं होतं की लोकांचं लोकांना दिल्याशिवाय ते उंबरा ओलांडणार नाहीत.

म्हणून ती जिने चढत-उतरत राहिली. शिंप्याने हसून चहा पाजला, भांडं मात्र घेतलं नाही. पोस्टातल्या बाईंना रेडिओ ओळखूच आला नाही. तिसऱ्या खेपेपासून तिने सगळं परस्पर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे टाकलं आणि घरी येऊन दिलं म्हणून सांगितलं.

"काय म्हणाले?"

"खूश झाले," ती दात आवळून म्हणाली.

शेवटी पलंगाखालून एक टेबलफॅन निघाला. तो कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही. आईच्या उशाचा फॅन. बटण दाबलं की नुसता गुरगुरायचा. पात्याला पेन्सिलीने ढकललं की मग फिरायचा. अंथरुणाला खिळल्यावर आईला तेवढंही उठवेना. जो कोणी खोलीत येईल त्याला ती म्हणायची, जरा ढकल रे त्याला. एकदा तरी बघा हो बाबा, असं लेक किती वेळा म्हणाली असेल. बाबांचं उत्तर ठरलेलं: घरचं काय, कधीही होईल. आणि आईही त्यांचीच री ओढायची. होऊ दे आधी लोकांचं.

"हा तरी पोत्यात घालू ना?" लेकीचा आवाज तिच्याही नकळत चढला. "का हाही कुणाला नेऊन द्यायचाय?"

बाबांनी फॅन तिच्या हातातून घेतला आणि जमिनीवर फतकल मारून बसले. खालचं झाकण उघडलं. डबाभर कंडेन्सर जवळच होते. त्यातला एक निवडून ते तारा सोलू लागले. तेवढ्यात समोरच्या काकू टोस्टर घेऊन दारात आल्या. जाता जाता एवढं बघून देता का, म्हणाल्या.

"आज नाही जमणार," बाबा मान वर न करता म्हणाले. "घरचं काम चाललंय."

काकू अवघडून लेकीकडे बघत राहिल्या. बाबांनी कुणाला नाही म्हटलेलं दोघींनीही कधी ऐकलं नव्हतं.

काकू गेल्या. बाबांनी तारा जोडल्या, टेप गुंडाळली, बटण दाबलं. पाती आपणहून फिरू लागली.

"एवढंच होतं?" लेकीने विचारलं.

"एवढंच होतं."

त्यांनी फॅन बंद केला. पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली. मग पुन्हा लावला.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. दिवसभराचा राग तिच्या तोंडाशी आलेला होता. तो तसाच गिळून ती जिना उतरली आणि ड्रायव्हरला अर्धा तास थांबायला सांगितलं.

"अजून सामान राहिलंय का, ताई?"

"नाही," ती शेवटच्या पायरीवर बसत म्हणाली. "सामान भरून झालंय."