गाळणं

प्रभावतीआक्कांनी कळशीच्या तोंडावर पांढऱ्या कापडाची दुहेरी घडी बांधली, तिच्यातून नदीचं पाणी ओतलं आणि कळशीतलं पाणी समितीच्या बाटलीत भरलं. संयोगिता घाटाच्या पायरीवर थबकली.

"आक्का, दर वेळी असंच भरता?"

"मग? न गाळता पाणी कुणाला देत्यात व्हय?"

सहा गावांनी मिळून नदीसाठी समिती केली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक गाव आपल्या घाटावरची बाटली देई आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी संयोगिता ती तपासे. पाच बाटल्यांत गाळ बसे. या गावची सहा महिने नितळ. आपलं यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं ते दोनदा दुरुस्तीला दिलं होतं. आणि याच बाटलीच्या जोरावर सरपंच महावीर पाटील सांडपाणी अडवायला गायरानातली जागा देत नव्हते. दहा वाजता ग्रामसभेत त्याचा शेवटचा निर्णय होता.

संयोगिता आक्कांशेजारी बसली. सत्तरीतल्या या बाईनं एकही रविवार चुकवला नव्हता.

"आक्का, नदीत आहे तसंच पाणी हवं होतं. गाळलं की जे मोजायचं, तेच मागं राहतं."

आक्का बाटलीकडं बघत राहिल्या.

"म्हंजे माझ्यामुळं जागा अडली?"

संयोगितानं बाटलीचं झाकण उगाचच घट्ट केलं.

"चूक माझी. मी कधी सांगितलंच नाही. सभेतही तसंच सांगेन."

आक्कांनी कापड सोडलं, पाण्यावर उलटं धरलं आणि हलकेच खळबळलं. गाळताना अडकलेले जीव जिथले तिथं सोडायचे, हा त्यांच्या घरचा नेम. संयोगितानं वाकून पाहिलं. नुसता काळा गाळ होता.

"यात जीव कुठं आहेत?"

"आता न्हाईत. मी लगीन करून आलतो तवा समदं वळवळायचं. तीन शेपट्यांचं एक असायचं, नखाएवढं."

तो किडा संयोगितानं चित्रातच पाहिला होता. घाण पाण्यात तो जगत नाही.

"शेवटचा कधी दिसला?"

"गटार नदीत सोडली त्या साली. आठ वर्सं झाली. तरी सोडतोय आपला. असंल एखादा."

मग त्यांनी कळशी रिकामी करून थेट नदीत बुडवली. या वेळी न गाळता.

ग्रामसभेत सरपंचांनी हसत हात पुढं केला.

"आणा आक्का बाटली. दाखवू दे म्याडमास्नी आरसा!"

संयोगिता उठू लागली. आक्कांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि कळशी टेबलावर ठेवली.

"बाटलीतलं पाणी मी गाळून देत हुतो, महावीर. चुकलंच माझं. आता तुमच्याम्होरं गाळतो."

शाळेतून मागवलेल्या घागरीवर त्यांनी कापड बांधलं. पाणी झिरपायला वेळ लागला. मग त्यांनी ते कापड सरपंचांपुढं पसरलं.

"बघ. तुझी आई गाळायची, तवा तू कापडावरचं जीव मोजायचास की."

सरपंचांनी चष्मा लावला. लहानपणी शिकवलं होतं तसं, काही चिरडू नये अशा बेतानं, त्यांनी बोटाच्या टोकानं गाळ बाजूला केला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"घावलं का?" मागून कुणीतरी विचारलं.

सरपंचांचं बोट कापडावरून फिरत राहिलं.