नजराण्यावरची चिठ्ठी

माणसाची लायकी त्याच्या कागदावरून कळते, असं कागजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. मानणारे सगळे कागद बनवून विकणारे आहेत, एवढंच काय ते.

दौलताबादच्या पुढं, खुलताबादच्या वाटेवरच्या या गावात मजीदमियाँ हे जुने कागजी. त्या उन्हाळ्यात औरंगाबाद शहरातल्या, गावचा सगळा कागद घेणाऱ्या कचेरीत नवे मुख्य अधिकारी, नाजिमसाहेब, हैदराबादहून बदलून आले आणि येताना गिरणीच्या कागदाची आवड घेऊन आले. ही खबर कानी पडली तेव्हा मजीदमियाँ लगद्याच्या हौदाच्या काठावर बसले, ते दुपार कलेपर्यंत उठले नाहीत. कचेरीनं पाठ फिरवली तर गावातले सगळे हौद कोरडे पडणार होते. दुसरं काम कुणाला येत नव्हतं आणि शिकायची कुणाची तयारी नव्हती.

पंचांनी ठरवलं, साहेबांना घोटीव कागदाची एक उत्तम गड्डी नजर करायची, हिमरूच्या कापडात बांधून. वर एक चिठ्ठी लावायची, अशी की ती पाहून साहेबांनी पुन्हा गिरणीचं नाव काढू नये. चिठ्ठी मजीदमियाँनी करायची.

त्यांनी जीव ओतला. तळहाताएवढा, जाड कागद हौदातून उचलला आणि तो ओला असतानाच त्यात पळसाच्या सुक्या पाकळ्या बसवल्या. पिंपळाचं पान पाण्यात कुजवून गर झाडला, नुसती शिरांची जाळी ठेवली आणि ती खळ लावून चिकटवली. कडेनं हिमरूचा रेशमी धागा ओवला. मधोमध हैदराबादच्या सरकारांचा किताब, म्हणजे पदव्यांसकट नाव, काळ्या शाईत, वळणदार. खालचा एक कोपरा मात्र रिकामा राहिला. तो कोपरा त्यांना जेवू देईना.

"अजी, ऱ्हाऊ द्या की तेवढी जागा कागदाला," त्यांची बायको जाहेदा म्हणाली. "चिठ्ठी हाय ती. बगीचा नाय."

तेवढ्यात मेंढरं घेऊन डोंगरातून उतरलेला सूर्यभान धनगर अंगणात पाणी प्यायला थांबला. पाणी पिऊन त्यानं चिठ्ठी बघितली, मुंडाशाच्या घडीत बोटं घातली आणि एक गोळा काढून पुढं धरला. पारव्याच्या अंड्याएवढा, करडा-पिवळा, देठासकट, आणि उन्हात रेशमासारखा चमकणारा.

"मियाँ, ह्यो लावा. बोरीला लोंबत व्हता. कोसा म्हनत्यात."

"आत काय असतंय?"

"कुनी फोडून बघितलंय? मेंढरं खात नायत, मंग आमाला काय करायचंय."

मजीदमियाँनी कोसा कानाशी धरला आणि हलवला. आत खडखडलं. त्यांचा चेहरा उजळला. कागजीपुऱ्यात ताव वाळला की नाही हे डोळ्यांनी बघत नाहीत, कानाशी धरून हलवतात. खडखडला की वाळला, आणि वाळला की मग त्याला काही होत नाही. या कसोटीवर मजीदमियाँनी उभ्या आयुष्यात एकही ओला ताव गिऱ्हाइकाला दिला नव्हता.

"पैठणात कुनाला तरी इचारा," जाहेदा म्हणाली. "तिथल्या लोकांची हयात रेशमात गेली."

"वाळलेलं काय आन् ओलं काय, ते मला पैठणकरांनी शिकवायचं?"

"कागदाचं नाय म्हनत मी."

"खडखडला ना? मग झालं."

जाहेदाचा त्यांच्याशी बावीस वर्षांचा संसार होता. ती पीठ मळायला गेली. मजीदमियाँनी दुप्पट खळ लावून कोसा कोपऱ्यात बसवला.

मृगाचे दिवस, आभाळ भरलेलं, हवा दमट. दुपार कलल्यावर असरची नमाज उरकून पंच मजीदमियाँना घेऊन कचेरीत गेले. साहेबांचे कारकून, पेशकार युसूफअली, यांनी गड्डी मेजावर ठेवली. नाजिमसाहेबांनी चिठ्ठी सोडवून हातात घेतली, उजेडाकडं धरली. मग हळूच म्हणाले, "सुभानअल्ला."

सरकारांचा किताब असलेला कागद हाती आला की डोळ्यांना लावायचा, हा रिवाज. साहेबांनी चष्मा काढला, दोन्ही हातांनी चिठ्ठी उचलली, उजव्या डोळ्याला लावली, मग डाव्याला. डाव्या डोळ्याशी ती थांबली.

"मियाँ," साहेब म्हणाले, "कागद ओला आहे."

भर चौकात कुणी पागोटं उडवलं असतं तरी मजीदमियाँनी सोसलं असतं. कागद ओला आहे, असं त्यांच्या बापाला कुणी म्हटलं नव्हतं, आज्याला नव्हतं.

"हुजूर, कानानं बघितलाय," ते कसेबसे म्हणाले.

साहेबांनी बोट पुढं केलं. त्यावर तपकिरी थेंब होता. कोशाचं टोक भिजलं होतं आणि आतून हलत होतं. आधी एक पाय आला. मग केसाळ डोकं. मग अंगठ्याएवढं ओलं, चुरगळलेलं काहीतरी सगळंच बाहेर आलं, पिंपळाच्या जाळीवरून चढलं, सरकारांच्या किताबावरून चाललं आणि साहेबांच्या बाहीवरून खांद्यावर जाऊन बसलं.

साहेब पुतळ्यासारखे झाले. साहेब हलले नाहीत म्हणून पेशकार हलले नाहीत, आणि पेशकार हलले नाहीत म्हणून पंचांना हलता येईना. खांद्यावरचे पंख हळूहळू उलगडत गेले. पिवळे, वीतभर, प्रत्येकावर एक काचेसारखा गोल डोळा. चारही डोळे मजीदमियाँकडं बघत होते. सूर्य बुडून मगरीबची बांग झाली तरी कुणी जागचं हललं नाही. शेवटी तो पतंगच कंटाळला. त्यानं शेरवानीवर एक डाग सोडला आणि तो खिडकीतून बाहेर गेला.

मजीदमियाँनी हात जोडले. "हुजूर, गुन्हा माझा हाय. मला काय पण सजा द्या. गावाचा कागद बंद करू नका."

साहेबांनी पेशकारांकडं पाहिलं. "यांना कळवलं नाही?"

युसूफअलींनी मेजाच्या खणातून हुकमाची नक्कल काढली.

गिरणीचा कागद घ्यायचा हुकूम निघून त्या दिवशी एक महिना आठ दिवस झाले होते.