पुंजाजीने वाचलेली अर्धी ओळ

मी एक जुना ग्रंथ आहे, आणि तोही मागून उघडणारा! मित्रांनो, हसू नका. माझी हिब्रू लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते. देवाचा निरोप राजालाही तोंडावर सांगणाऱ्या संदेष्ट्यांची वचने माझ्यात त्यांच्याच भाषेत आहेत.

माझा जन्म विलायतेतला. १९१२ साली वाशीमचे एक पाद्रीसाहेब मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी मला केनवडच्या पुंजाजीला दिले. सोबत एक जाडजूड शब्दकोशही होता. पुंजाजी गावातला ख्रिस्ती उपदेशक. रंगराव पाटलांच्या गोठ्याजवळच्या खोलीत तो फुकट राहायचा. अर्थ मुळातूनच काढायचा, असा त्याचा हट्ट. म्हणून माझे मराठी भाषांतर त्याने गावादेखत पेटीत बंद केले होते. मला त्या हट्टाचा फार अभिमान वाटे.

गावाला देवापुढे कौल लावायची सवय. माझ्यात भविष्य आहे, असे कोणीतरी उठवले आणि पाटील सुपारी घेऊन आले.

"पुंजाजी, तुह्या बुकाले विचार. हिरीवरची सीताबाईची पान्याची पाळी बंद करू काय?"

सीताबाई विधवा होती. सामाईक विहिरीच्या पाण्यावर वांगी पिकवून ती बाजारात विकायची. तिच्या वाटचे पाणी पाटलांना आपल्या मळ्याला हवे होते. तीही दाराशी येऊन उभी होती.

मी कौल देणारा ग्रंथ नव्हे, हे पुंजाजीने तिथेच सांगायला हवे होते. पण डोक्यावरचे छप्पर पाटलांचे. त्याने मुकाट्याने मला उघडले. एका ओळीतल्या 'अलमाना' या शब्दावर त्याची नजर थांबली. अलमाना म्हणजे विधवा! शब्दकोशावाचून ओळखलेला त्याचा पहिला शब्द. आनंदाच्या भरात त्याने जोरात मान डोलावली.

"झाला कौल!" म्हणत पाटील उठले. पुंजाजी "पाटील, आयका तं" म्हणेपर्यंत ते निघूनही गेले.

मग तो उरलेली ओळ सोडवायला बसला. शब्दकोशाची पाने उलटत आठ दिवस गेले. तिकडे पाण्याविना वांगी माना टाकत होती. नवव्या दिवशी अर्थ लागला. विधवेची बाजू घ्या, असे ती ओळ सांगत होती. पुंजाजीचा चेहरा उतरला. मला काखोटीला मारून तो थेट चावडीवर गेला.

"पाटील, मी कौल देला नाही. एक शब्द समजला म्हून मान हालवली. बुकात तं उलटंच हाय."

चावडी खो खो हसली. "मंग आता कायले सांगून राह्यला? खोली खाली कर," पाटील कडाडले. पण चार पंचांसमोर गोष्ट निघाली होती. सीताबाईची पाळी पाटलांना पुन्हा सुरू करावीच लागली.

खोली सोडून पुंजाजी मंगरूळपीरला निघाला, तेव्हा सीताबाई वाटेत भेटली. रागावलेली नव्हती, हेच मला जास्त लागले.

"भाऊ, पेटीतलं मराठी बुक त्याच दिवशी उघडलं असतं तं?"

मीही त्या हट्टाचा भागीदार होतो, मित्रांनो. मला त्याची आजही लाज वाटते.

आता मी एका कपाटात आहे. मला वाळवीपासून जपा, ओल लागू देऊ नका, आणि माझी भाषा जरूर शिका. फक्त एक विसरू नका. जिच्यासाठी ओळ लिहिली आहे ती बाई दारात उभी असेल, तर आधी मान वर करून तिच्याकडे बघा.